पत्ता कुणी द्यायचा?

पाकिटावरचा पत्ता आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो. आधी माणसाचे नाव, मग घर, मग गल्ली, मग मु., पो., ता., जि. सॉर्टर मात्र तो उलटा वाचतो. त्याला माणसाशी देणेघेणे नसते. तो आधी शेवटची ओळ बघतो, पाकीट योग्य खणात टाकतो आणि पुढचे उचलतो. मी एकतीस वर्षे रेल्वे टपालसेवेत, म्हणजे आर. एम. एस. मध्ये, हे उलटे वाचन केले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या विषयात मी तोंड घालणार आहे तो संगणकवाल्यांचा समजला जातो, आणि ‘तुम्हाला त्यातले काय कळते?’ हा प्रश्न मला अपेक्षित आहे. माझे उत्तर असे, की पत्ता म्हणजे काय आणि तो वाचून वस्तू कुठे धाडायची, हा प्रश्न मुळात टपालाचा आहे. संगणकवाल्यांनी तो आमच्याकडून उसना घेतला आहे.

प्रसंग असा घडला. गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयात एका तरुण अभियंत्याचे व्याख्यान झाले. विषय होता ‘मेश जाळी’. घराघरांवर बसवलेली लहान यंत्रे शेजारच्या यंत्रांशी बिनतारी बोलतात आणि निरोप हातोहात पुढे देतात. मध्ये मनोरा नाही, कंपनी नाही. अशा जाळ्याला मेश म्हणतात. मुलगा हुशार होता, बोललाही छान. शेवटी आवेशाने म्हणाला, की यापुढे केंद्र नाही, नोंदवही नाही, मालक नाही. प्रत्येक यंत्र आपला पत्ता आपणच तयार करील आणि निरोप आपली वाट आपणच शोधील. टाळ्या पडल्या. अध्यक्षस्थानी एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी समारोपात सांगितले, की हा सारा पोरखेळ आहे. वरून कुणीतरी दिल्याशिवाय पत्ता होत नाही आणि वचक असल्याशिवाय व्यवस्था राहत नाही. त्यालाही टाळ्या पडल्या, आणि त्याच हातांनी. मग चहा झाला आणि लोक घरोघरी गेले.

मला या दोघांशीही भांडायचे आहे. अधिकाऱ्यांशी अधिक, मुलाशी कमी. पण मुलाशी जास्त कळकळीने, कारण त्याची बाजू ती माझी बाजू आहे, आणि तो ती उथळपणाने हरेल अशी भीती मला वाटते.

*

अधिकाऱ्यांच्या बाजूने जे खरे आहे ते आधी मांडतो.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन आकडे वाटपाचे कार्यालय दाखवतात. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत. त्यांपैकी बहुतेकांची नावेही मी ऐकलेली नव्हती, तरी एकतीस वर्षे त्यांची पत्रे मी बरोबर दिशेला लावली. आसामातले एखादे खेडे कुठे आहे हे मला कळायची गरज नव्हती. सुरुवातीचे आकडे पाहून पाकीट त्या बाजूच्या खणात टाकले की माझे काम संपे. पुढचे आकडे पुढचा माणूस वाचे. उतरंडीच्या पत्त्याचे सारे सामर्थ्य यात आहे. प्रत्येकाने थोडे जाणावे आणि सर्वांचे मिळून सारे चालावे. ज्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्याने पिनकोड नसलेल्या, नुसत्या ‘रामपूर’ लिहिलेल्या पाकिटांचा गठ्ठा एकदा हाताळून पाहावा.

पण या सामर्थ्याची किंमत कुणी मोजली? निपाणीचा पिन ५९१२३७, कागलचा ४१६२१६. मध्ये वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता. एका गावच्या मुली दुसऱ्या गावी दिलेल्या, बाजार एक, बोली एक. पण पत्त्यात पहिल्याच आकड्यावर दोघांची फारकत झाली. उतरंड ज्याला जवळ म्हणते तेच तिच्या लेखी जवळ. निपाणीच्या पिनला कन्याकुमारीकडचे बंगळूर आपले आणि हाकेवरचे कागल परके. टपाल खात्याला मी दोष देत नाही. शेजारच्या गावासाठी थेट थैली बांधण्याची सोय आम्हाला ठाऊक होती. माझे म्हणणे एवढेच, की ती सोय मुद्दाम करावी लागते. उतरंड ती आपण होऊन करत नाही.

आमच्या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या आजोबांचे घर एकाच गल्लीत, एकाच जोत्यावर उभे राहिले. त्यांच्या पाकिटावर आधी मुंबई राज्य असे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूर राज्य आले, १९७३ च्या १ नोव्हेंबरपासून कर्नाटक. २०१४ च्या १ नोव्हेंबरला जिल्ह्याचे नावही बेळगावचे बेळगावी झाले. घर हलले नाही, दाराची कडी हलली नाही, पत्ता मात्र तीन वेळा हलला, आणि एकदाही आजोबांना किंवा आम्हाला कुणी विचारले नाही. वरून मिळालेला पत्ता ही निरुपद्रवी सोय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आमच्याकडे येऊन चहा घ्यावा.

*

आता इंटरनेटकडे या. अनेकांची अशी समजूत आहे, की इंटरनेट म्हणजे आकाशासारखे, कुणाच्याच मालकीचे नसलेले. ते तसे नाही. तिथल्या पत्त्यांची जुनी पद्धत बत्तीस बिटांची. तीत साधारण ४२९ कोटी पत्ते मावतात. त्यांचे मोठमोठे गट एका जागतिक नोंदवहीतून पाच खंडीय नोंदवह्यांना, त्यांच्याकडून देशांतल्या कंपन्यांना आणि कंपन्यांकडून आपल्याला, असे खाली उतरतात. ३ फेब्रुवारी २०११ या दिवशी त्या जागतिक वहीतले शेवटचे पाच गट वाटले गेले. आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याला १०३ ने सुरू होणारा गट आला. त्यानंतर टंचाई अशी, की एकाच पत्त्यामागे कंपन्या अनेक घरे दाटीवाटीने बसवतात. अशा घरातून बाहेर पत्र जाते, पण बाहेरचे कुणी आपण होऊन त्या घराचे दार ठोठावू शकत नाही, कारण त्या दाराला स्वतःचा क्रमांकच नाही. एकशे अठ्ठावीस बिटांच्या नव्या पद्धतीत पत्ते उदंड आहेत, आणि आपल्या देशातल्या पुष्कळ मोबाइलना ते मिळतातही. पण तेही भाड्याचे. कंपनी बदला, पत्ता बदलला. मालकाने खोली खाली करायला सांगितल्यावर ज्याचे रेशनकार्ड निरुपयोगी होते त्या भाडेकरूची आणि आपली स्थिती एकच.

याचे कारण एक जुनी चूक आहे. ती इंजिनियरांनाही ठाऊक आहे. १९७८ साली जॉन शॉच या संशोधकाने एका टिपणात तीन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या: नाव म्हणजे आपल्याला कोण हवे, पत्ता म्हणजे ते कुठे आहे, मार्ग म्हणजे तिथवर कसे पोचायचे. इंटरनेटच्या पत्त्याने यातल्या पहिल्या दोन्हींची खिचडी केली. एकच आकडा तुम्ही कोण हेही सांगतो आणि कुठे आहात हेही.

ही खिचडी मराठी माणसाला नवी नाही. आपली ‘कर’ लावलेली आडनावे घ्या. कुणा पूर्वजाचे गाव त्याच्या नावाला चिकटले. पुढे वंशज इंदूरला गेले, ग्वाल्हेरला गेले, बडोद्याला गेले. तिथे त्यांच्या पिढ्या गेल्या, तरी आडनाव कोकणातल्या नाहीतर देशावरच्या अशा खेड्याचा पत्ता सांगत राहिले, की जिथे आता त्यांना ओळखणारे कुणी नाही. माणसाचे यात बिघडत नाही, कारण आडनाव वाचून पोस्टमन त्या खेड्याकडे निघत नाही. यंत्र मात्र निघते. आकड्यात जे ठिकाण लिहिले आहे तिकडेच ते निरोप धाडते. म्हणून आपण हललो, की आपली ओळखच पुसली जाते.

आणि वचकाचे काय? अधिकारी महाशयांना आठवण देतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीला आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करायचे होते. तिने आपल्या यंत्रांना सांगितलेली खोटी वाट बाहेर फुटली, आणि जगभरचे यूट्यूबचे टपाल सुमारे दोन तास पाकिस्तानच्या दिशेने वळले. वरच्या पायरीवरच्यांनी एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हाच तिथला कारभार होता. उतरंड असली म्हणजे सुरक्षितता असते, हे निव्वळ गृहीतक आहे. उतरंडीत वरचे मडके फुटले तर खालच्या साऱ्यांवर सांडते, एवढेच निश्चित.

*

इथवर वाचून तो तरुण खूश होत असेल. आता त्याच्याकडे वळतो.

मेशची मूळ कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी १९६४ साली ती सविस्तर मांडली. अणुबाँबच्या हल्ल्यानंतरही निरोप पोचावेत, हा हेतू. त्यांनी तीन आकृत्या काढल्या. पहिलीत एकच केंद्र आणि सगळे त्याला जोडलेले. दुसरीत लहानलहान केंद्रे आणि ती एकमेकांना जोडलेली. तिसरीत केंद्र नाही. कोळ्याच्या नव्हे, तर कोळीवाड्यातल्या जाळ्यासारखी प्रत्येक गाठ शेजारच्या काही गाठींना बांधलेली. गंमत अशी, की आज ज्या ‘विकेंद्रित’ शब्दाचा उदो उदो चालतो, तो बॅरन यांनी दुसऱ्या आकृतीला दिलेला होता. तिसरीला त्यांचा शब्द ‘वितरित’. शब्दांचा हा घोळ निष्पाप नाही. पुष्कळदा दुसरी आकृती विकली जाते आणि गुणगान तिसरीचे गायले जाते.

तिसऱ्या आकृतीत निरोप वाट कशी शोधतो? ‘आपोआप’ म्हणू नका. आपोआप काहीही होत नाही. कुणीतरी ते काम करत असते. मला तीन जुन्या रीती दिसतात.

पहिली दवंडीची. निरोप आला की प्रत्येकाने तो पुन्हा ओरडायचा. मेश्टास्टिक नावाची स्वस्त रेडिओ यंत्रे आज हौशी लोक वापरतात, त्यांचा पाया हाच आहे. दवंडी गावभर घुमत राहू नये म्हणून निरोप किती हात पुढे जायचा याला मर्यादा घालतात. नेहमीची मर्यादा तीन हातांची, जास्तीत जास्त सात. या यंत्रांचा वेग नेहमीच्या बेतात सेकंदाला साधारण हजार बिट. चार ओळींच्या निरोपाला तो पुरतो. पण गावात सगळेच दवंडी पिटू लागले, तर कुणालाच ऐकू येत नाही.

दुसरी रीत नकाशाची. प्रत्येक यंत्राने अख्ख्या जाळ्याचा नकाशा घरी ठेवायचा आणि जो बदल होईल तो सर्वांना कळवायचा. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी नोंदलेली ओएलएसआर पद्धत ही अशी. बदल कळवण्याचे काम सर्वांनी न करता निवडक शेजाऱ्यांनी करायचे, ही तिच्यातली शहाणी काटकसर. तरी नोड वाढले की नकाशा वाढतोच.

तिसरी रीत विचारपूस करण्याची. गरज पडेल तेव्हाच वाट विचारायची, सापडली की लक्षात ठेवायची आणि वापरात नसेल तर विसरायची. त्याच वर्षी नोंदलेली एओडीव्ही पद्धत या जातीची. इथे नेहमीचा भार कमी, पण पहिल्या निरोपाला उशीर, आणि विचारपूस स्वतःच एक छोटी दवंडी.

तिन्ही रीतींत किंमत आहे: एकीत गोंगाट, दुसरीत स्मरण, तिसरीत उशीर. शिवाय हवा सर्वांची एकच. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० साली गणिताने दाखवले, की अशा बिनतारी जाळ्यात नोडांची संख्या वाढली आणि कुणीही कुणाशीही बोलू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता घटत जाते. नोड चौपट झाले, तर वाटा निम्म्याहून थोडा कमी होतो. कारण साधे आहे. लांबचा निरोप मधल्या सर्वांच्या खांद्यावरून जातो, आणि जाळे मोठे झाले की खांदे जास्त वेळ दुसऱ्याच्या ओझ्याखाली राहतात. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या संशोधकांनी याची दुसरी बाजू मांडली: बोलणे बहुतांशी जवळच्यांशी असेल, तर जाळे वाढूनही तग धरते.

हे वाक्य त्या तरुणाने भिंतीवर लिहून ठेवावे. मेश हे सातासमुद्रापार सिनेमा पाहण्याचे साधन नव्हे. ते निपाणीने कागलशी बोलण्याचे साधन आहे. उतरंडीने जे जवळचे नाते तोडले ते जोडण्यासाठी ते आहे.

*

राहिला स्वतःचा पत्ता स्वतः तयार करण्याचा मुद्दा. हे खरोखर शक्य आहे आणि सुंदरही आहे. यंत्र गणिताने किल्ल्यांची एक जोडी घडवते. एक गुप्त, एक उघड. उघड किल्लीपासूनच त्याचा पत्ता काढतात. २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या सीजेडीएनएस या प्रकल्पात आणि नंतरच्या इग्द्रासिलमध्ये हीच युक्ती आहे. असा पत्ता कुणी देत नाही, म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नाही. ‘हा मीच’ हे सिद्ध करायला शिक्का लागत नाही, गुप्त किल्ली पुरते. ज्याच्या आजोबांचा पत्ता तीन वेळा बदलला, त्याला याची गोडी वाटणारच.

पण मुला, तुझ्या या पत्त्यात ठिकाणाचा मागमूस नाही. माझ्यासमोर ‘रामपूर’ लिहिलेला गठ्ठा तू पुन्हा आणून ठेवलास. आता सॉर्टरने काय करायचे?

इग्द्रासिलचे उत्तर मला पटण्यासारखे वाटते. नाव कायमचे, किल्लीतून आलेले. पण त्याखेरीज जाळे स्वतःच एक झाड उभे करते, आणि त्या झाडात ज्याची जशी फांदी तसे त्याचे तात्पुरते ठिकाण ठरते. तुम्ही हललात, तर ठिकाण बदलते, नाव नाही. आधी नावावरून सध्याचे ठिकाण विचारायचे, मग ठिकाणावरून निरोप धाडायचा. आमच्याकडे मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांना निरोप असाच पोचतो. ते अमक्या गावचे म्हणून कुणी मूळ गावी जात नाही. ‘मेंढके कुठवर आले?’ असे विचारत माणूस पुढे जातो. नाव आणि ठिकाण वेगळे ठेवण्याची अक्कल त्या रानातल्या लोकांना इंटरनेटच्या आधीपासून होती.

पण बघ, झाड आले म्हणजे उतरंड आलीच. झाडाला मूळ लागते. इथे मूळ कोण व्हायचे ते मतदानाने किंवा हुकमाने ठरत नाही, किल्लीच्या आकड्यावरून ठरते. ते गेले, की दुसरे मूळ धरून झाड पुन्हा उभे राहते. ही मोठी सुधारणा आहे. तरी वळसा उरतोच. दोन शेजारी वेगवेगळ्या फांद्यांवर पडले आणि त्यांच्यात थेट दुवा नसला, तर त्यांचा निरोप खोडाकडे जाऊन परत येऊ शकतो. निपाणी-कागल पुन्हा आलेच.

आणि हा वळसा कुणा कारागिराच्या आळसाचा दोष नाही. २००१ साली मिकेल थोरुप आणि उरी झ्विक यांनी एक पद्धत दाखवली. तीत दहा हजार नोडांच्या जाळ्यात प्रत्येकाला दहा हजार ओळींची वही ठेवावी लागत नाही. शंभराच्या काही पट ओळी पुरतात. त्या बदल्यात वाट सर्वांत जवळच्या वाटेच्या तिप्पट लांब होऊ शकते, त्याहून अधिक नाही. त्याच सुमारास हेही सिद्ध झाले, की कुठल्याही आकाराच्या जाळ्यात तिपटीपेक्षा कमी वळशाची हमी द्यायची असेल, तर कुणा ना कुणाला जवळजवळ सर्वांची नोंद ठेवावीच लागते. यावर अपील नाही. हा कायदा संसदेत झालेला नाही, गणितात झाला आहे. एक तर आठवण ठेवा, नाहीतर वळसा घ्या. मालक घालवून दिल्याने हा हिशेब मिटत नाही. तो फक्त मालकाकडून आपल्याकडे येतो.

दुसरा हिशेब विश्वासाचा. पत्ता फुकट घडवता येतो, म्हणजे एक लबाड हजार पत्तेही घडवू शकतो. जॉन डाउसर यांनी २००२ साली दाखवून दिले, की ओळख पटवणारी कोणतीही मध्यवर्ती संस्था नसेल, तर एकाच माणसाची अनेक सोंगे पूर्णपणे रोखणे व्यवहारात शक्य नाही. म्हणून मेशमध्ये शेवटी काय उरते? शेजाऱ्याला ओळखणे. त्याचे घर, त्याची माडी, त्याचा स्वभाव माहीत असणे. किल्लीचा तो लांबलचक आकडा कुणी पाठ करणार नाही. ‘थोरल्या वाड्यातल्या काकू’ असे आपल्या वहीत लिहून आपण त्यासमोर आकडा डकवू. हे नाव फक्त आपल्या गल्लीत चालते, आणि गल्लीत त्याहून भरवशाचे नाव दुसरे नाही.

*

‘नोंदवही नको’ म्हणणाऱ्यांना मी दोन उदाहरणे देतो. कातालोनियातले गिफी डॉट नेट हे जाळे २००४ मध्ये एका ग्रामीण भागात सुरू झाले, कारण तिथल्या गावांत कंपन्या धड सेवा देत नव्हत्या. ते वाढून पस्तीस हजारांहून अधिक नोडांचे झाले; लोकांच्या मालकीच्या जाळ्यांत त्याचे नाव आदराने घेतात. त्यात पत्त्यांची नोंद सामाईक संकेतस्थळावर होत आली, जाळ्याचे विभाग पाडलेले आहेत, २००८ पासून त्यामागे एक प्रतिष्ठान आहे आणि सर्वांना बांधणारा लेखी करार आहे. म्हणजे नोंदवही आहे, उतरंडही आहे. पण ती वही सर्वांची आहे आणि करार सर्वांना सारखा.

उलट बर्लिनच्या फ्रायफुंक मंडळींचे बघा. माणसे गुणी, काम मोलाचे. सुरुवातीला त्यांनी आपल्या जाळ्यात १०४ ने सुरू होणारे पत्ते वापरले, कारण तो गट तोवर कुणाला दिलेला नव्हता. २०११ च्या त्या शेवटच्या वाटपात तो अमेरिकेच्या नोंदवहीकडे गेला. पडीक समजून ज्या रानात घर बांधले त्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावे निघाला. नोंदवहीकडे पाठ फिरवली म्हणून नोंदवही आपल्याला सोडत नाही.

म्हणून माझा वाद नोंदवही असावी की नसावी हा नाहीच. माझे प्रश्न तीन आहेत. वही कुणाच्या घरी आहे आणि ती उघडून पाहता येते का? मी घर किंवा कंपनी बदलली, तर माझे नाव माझ्याबरोबर येते का? आणि शेजाऱ्याशी बोलायला मला लांबच्या दारावरून जावे लागते का? ज्या व्यवस्थेत या तिन्हींची उत्तरे माणसाच्या बाजूने आहेत तिला मी चांगली म्हणतो, मग तिला केंद्र असो वा नसो. तरुण मित्राने पहिलाच प्रश्न रद्द केला आणि अधिकाऱ्यांनी तिन्ही.

हे सारे मला एवढे का लागते, तेही सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मी दूधगंगेच्या अलीकडे एका नातलगाकडे अडकलो होतो. महामार्ग बंद. पलीकडच्या काठाजवळच्या गावात माझी धाकटी बहीण. दोन्हीकडचे मोबाइल मुके, कारण मनोऱ्यांची वीज गेली होती. रात्री तिच्या गच्चीवर बॅटरीचा उजेड हलताना आम्हाला दिसत होता. आम्हीही बॅटरी हलवली. उजेड दिसत होता, पण ‘ठीक आहोत’ म्हणते आहे की ‘या’ म्हणते आहे, ते कळायला मार्ग नव्हता. सकाळी नाव गेली तेव्हा समजले, की ती रात्रभर ‘या’ म्हणत होती. खाली पाणी शिरले होते आणि मेहुण्यांना दम्याचा झटका आला होता. ते वाचले. पण डोळ्यांना दिसणाऱ्या माणसाशी बोलायला ज्या व्यवस्थेला शेकडो किलोमीटरचा आधार लागतो, तिच्यात काहीतरी मुळात चुकलेले आहे, हे त्या रात्री मला कळले.

त्याच महिन्यात काश्मीरमध्ये हुकमाने सारी यंत्रणा मुकी झाली होती. तिथे वेगवान मोबाइल इंटरनेट परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात, जानेवारी २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत बंदी चालणार नाही आणि असे हुकूम प्रसिद्ध करावे लागतील असे सांगितले. बंदीची कारणे योग्य की अयोग्य हा वाद इथे काढत नाही. पाणी आणि हुकूम यांची कारणे वेगळी, पण गच्चीवर बॅटरी हलवणाऱ्याला दोन्ही सारखेच.

‘दुरुपयोग होईल’ असे अधिकारी म्हणतील. होईल. पोस्टकार्डाचाही झाला. म्हणून कुणी टपालपेट्या उखडल्या नाहीत. आणि हे काही चोरून करायचे काम नव्हे. आपल्या देशात २००५ पासून वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. दुसऱ्या पट्ट्यात प्रक्षेपकाला एक वॉटपर्यंत मुभा आहे. मेश्टास्टिकची भारतातली यंत्रे याच पट्ट्यात बोलतात. दोन काठांवरच्या दोन गच्च्या, दोन लहान यंत्रे, दोन बॅटऱ्या. त्या रात्री एवढे पुरले असते.

राहता राहिलो आपण सीमाभागातले लोक. आपल्या पत्त्यात कोणत्या राज्याचे नाव असावे यासाठी आपण सहा दशकांहून अधिक काळ भांडलो. ते भांडण मी सोडा म्हणत नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचे काय व्हायचे ते होईल. पण वरून कोणता पत्ता मिळावा याची वाट पाहताना, शेजारच्या काठाशी आपले आपण बोलण्याची सोय आपण केली नाही. त्याला कोणत्याही राज्याची परवानगी लागत नव्हती.

त्या तरुणाला मी पत्र लिहिले आहे, साधे, पंधरा पैशांच्या काळातल्या सवयीने पोस्टकार्डावर. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आमच्या गच्चीवर आणि पलीकडे बहिणीच्या गच्चीवर एकेक यंत्र बसवून दे, खर्च माझा. आणि नकाशाची वही कुणी सांभाळायची ते आपण दोन्ही गावांच्या लोकांना बसवून ठरवू, असे त्यात आहे. त्याचे उत्तर आले आहे. दिवाळीनंतर येतो म्हणतो.